पिलांची आई

फॉर्मवर पस्तीस प्रश्न होते आणि अकराव्या प्रश्नाला मी मोबाईल दिवाणावर आपटला. 'तुमचं निधन झाल्यास किंवा तुम्ही अंथरुणाला खिळल्यास कुत्र्याची जबाबदारी कोण घेणार? त्यांचा फोन नंबर लिहा.'

"ऐकलंत का," मी मिस्टरांना म्हटलं, "कुत्रं द्यायच्या आधी माझं मरण विचारतायत."

मिस्टर पेपर वाचत होते. रेल्वेत फिटर होते ते, सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात गेली. दिवसभर यंत्रांचा आवाज ऐकून त्यांची बोलायची सवयच सुटली असावी. "मग नको भरूस," एवढंच म्हणाले. त्यांना मुळात कुत्रं नकोच होतं.

मी सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते. तीस वर्षं. निवृत्त होऊन दोन वर्षं झालीत. इतकी बाळं या हातांवर आली, पण 'उद्या तुम्ही मेलात तर' असं कुणी कधी विचारलं नाही. आणि कुत्री देणाऱ्या संस्थेतली, पुण्याची कोण कुठली पोरगी फोनवर मला विचारत होती, दिवसातले किती तास घर बंद असतं, घरात कुणाचा आवाज चढतो का, कुणाला राग लवकर येतो का.

"मला येतो," मी म्हटलं. "आत्ता आलाय."

ती हसली नाही. तिनं बहुतेक ते लिहून घेतलं.

ही संस्था म्हणजे काही इमारत नव्हे. निरनिराळ्या गावांत पसरलेली माणसं. फक्त लॅब्राडोर जातीची टाकून दिलेली कुत्री उचलायची, कुणीतरी एकानं आपल्या घरात ठेवून घ्यायची, औषधपाणी करायचं, आणि कायमचं घर मिळालं की तिकडे द्यायची. मुलानं पुण्याहून त्यांची माहिती पाठवली होती. सोलापुरातच एक सात-आठ वर्षांची मादी कुणाकडे तरी ठेवलेली होती. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. भिंतीकडे बघत होती.

आमच्याकडे आधी एक नर होता. पाच वर्षांपूर्वी मुलानं हट्ट करून पिलू आणलं, वर्षभरात त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि कुत्रं आमच्याकडे राहिलं. दोन वर्षांचं झालं आणि त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. खुबेच कच्चे. डॉक्टर म्हणाले, जन्माचं आहे, आईबापात दोष असणार. शेवटचे सहा महिने मिस्टर त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भाग उचलून, दिवसातून पाच वेळा त्याला अंगणात न्यायचे. कुत्रं गेल्यावर मिस्टरांनी टॉवेल धुऊन वाळत घातला, मग काढून घडी केला, मग परत धुतला. म्हणून त्यांना नको होतं. मला मात्र घर खायला उठायचं.

मी फॉर्म भरला. अकराव्या प्रश्नात मुलाचा नंबर टाकला.

मग आली घराची तपासणी. ज्या बाईकडे ती कुत्री ठेवली होती तीच येणार होती, आणि आली ती नेमकी पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी मी कुणाची नसते. मोटर चालू, अंगणात पाईप, माझी साडी खोचलेली, आणि गेटात स्कूटी लावून तिशीची एक किडकिडीत बाई उभी. शहराच्या पूर्वेला विणकरांच्या वस्तीत राहणारी, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. शाळेचे गणवेश शिवायची ती. बोटांना निळ्या कापडाचा रंग लागलेला होता.

"अक्का, तुमचं चालू द्या की," म्हणाली आणि माझी परवानगी न घेता घरभर फिरली. गच्चीचा कठडा हातानं हलवून बघितला. गेटखालच्या फटीत पाय घातला. "ही बुजवा." मोरीचं झाकण बघितलं. फ्रीज उघडून बघते की काय असं मला वाटलं.

"अंडी चालतात का घरात? तिला रोज लागतात."

आमचं घर शाकाहारी. मिस्टरांच्या आईनं या घरात कांदासुद्धा वार बघूनच शिजवला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मिस्टर आतून म्हणाले, "मागच्या अंगणात उकडता येतील."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आधीचं कुत्रं कुठनं घेतलं होतं?" तिनं विचारलं.

आता माझा पारा चढला. "हे बघ बाई, तू वयानं माझ्या मुलीसारखी. घर बघितलंस, मोरी बघितलीस. आमी काय चोर हाय का? सोन्यासारखं सांभाळलं होतं त्याला."

"राग आला तर येऊ द्या अक्का. मी विचारणारच. चार महिने माझ्या खाटेखाली झोपलीय ती. कुटनं घेतलं होतं?"

मी सांगितलं. अक्कलकोट रोडला शहराबाहेर एक फार्म आहे, मोठा बोर्ड आहे, तिथून.

ती कठड्यावर टेकली. पाईपमधून पाणी टाकीबाहेर वाहत होतं, तेसुद्धा मला दिसत नव्हतं, कारण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी ओळखत होते. वॉर्डात नातेवाइकांना वाईट बातमी सांगायच्या आधी मी तशीच बघायचे.

"ही पण तिथलीच हाय," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट, मशीनजवळ गणवेशांचा ढीग आणि त्या ढिगाला पाठ लावून ती कुत्री पडलेली. मी तीस वर्षं बायकांची पोटं बघितली आहेत. मला तिथं कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. स्तन जमिनीला लागलेले, ओघळलेले, कधी आत न गेलेले. कोपरांवर तळहाताएवढे घट्टे, सिमेंटवर पडून पडून. मानेभोवती केस नाहीत. पुढचे दात झिजून हिरड्यांना टेकलेले.

"जाळी चावायची," ती बाई म्हणाली. "डाक्टर म्हणाले, कित्येक वर्षं चावली असंल."

मी खाली बसले आणि पोटावर हात ठेवला. ठेवल्याबरोबर ती उताणी झाली. लाडानं नाही. तोंड बाजूला वळवून, डोळे कुठेतरी लावून, पाय सैल सोडून. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या खेपेला आलेल्या काही बायका अशा टेबलावर चढायच्या. काही सांगावं लागायचं नाही. काय करायचं ते करा आणि मोकळं करा, असं अंगच बोलायचं त्यांचं.

पोटावर मधोमध एक नवी, नीट शिवण होती. गर्भाशयात पू झाला होता, ते काढून टाकलं होतं. ती या संस्थेच्या डॉक्टरांनी घातलेली. तिच्या बाजूला दोन जुन्या शिवणी होत्या, वेड्यावाकड्या, मांस गोळा होऊन गाठी आलेल्या. गोणी शिवावी तशा.

"हे कुणी शिवलंय?"

"डाक्टरनं न्हाय. तिकडं कंपाउंडर येतो म्हणे."

मला त्या वेळी काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. रडू आलं नाही. कानशिलं तापली. दोनदा पोट फाडून पिलं काढली, डॉक्टर नसलेल्या माणसानं, गुंगीचं काही दिलं असेल नसेल. आणि पुन्हा गाभण ठेवली. पुन्हा. कारण प्रत्येक खेपेला कुणीतरी माझ्यासारखं गाडी घेऊन जातं आणि सोनेरी रंगाचं गोड पिलू मांडीवर घेऊन येतं.

कारण मी गेले होते. हे मला त्या दिवशी आठवावंच लागलं. पाच वर्षांपूर्वी त्या फार्मवर मुलगा पिलू निवडत होता आणि मी त्या मालकाला म्हटलं होतं, "पिलांची आई बघू या की." तो आत गेला आणि एक धुतलेली, चकचकीत मादी घेऊन आला. चाळीस दिवसांची पिलं होती. आणि त्या मादीचं पोट सपाट होतं. स्तन वाळलेले, दुधाचा मागमूस नाही. मला दिसलं. एवढी वर्षं हेच काम केलेल्या बाईला ते दिसणार नाही का? दिसलं, आणि मी काही बोलले नाही. पिलू तोवर माझ्या पदरात झोपलं होतं.

खरी आई कुठे होती? मागे कुठल्यातरी पत्र्याखाली. ती हीच होती का, हे मला कधीच कळणार नाही. असेलही. नाहीतर तिची बहीण असेल. माझ्यासाठी त्यात फरक उरला नव्हता.

"ती सापडली कशी?" मी विचारलं.

"एका बाईचा फोन आलता संस्थेला. नाव न्हाय सांगितलं. म्हणाली, अक्कलकोट रोडला मोरीच्या पुलाखाली एक कुत्री सोडलीय, फलाण्या फार्मवरची हाय, लवकर जावा. मी स्कूटीवर गेले. पुलाखाली सावलीत बसलेली. उठताच येईना. रिक्षा करून आणली."

"मी जाते त्या माणसाकडे."

तिनं मशीन थांबवलं. "अक्का, जाऊ नका. मी पण पयल्यांदा अशीच तडफडले. भांडून काय होत न्हाय. तो दार लावून घेतो, आतली आतच राहतात. आमी कागदोपत्री चाललोय, हळूहळू."

हळूहळू! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. दवाखान्यात सगळं हळूहळूच चालायचं. मी तिचं ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मिस्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्या फार्मवर गेले. बोर्डावर हसणारं कुत्रं रंगवलेलं. मालक साठीचा, पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला अतिशय गोड. मी गेटातच सुरू केलं, पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. माझ्याकडे निरखून बघितलं आणि हात जोडले.

"सिस्टर! अहो या की! वळखलं न्हाय का? माझ्या सुनंचं बाळंतपण तुमच्याच हातचं. पोरगी आडवी आलती. तुमी हुता म्हणून दोघी वाचल्या बघा." आणि तो चक्क माझ्या पायाशी वाकला. आत वळून ओरडला, "ए, चहा टाक गं! सिस्टर आल्यात."

मला ती केस आठवत नव्हती. आडवी आलेली कितीतरी बाळं होती. पण माझा राग क्षणभर अडखळला आणि त्याचा मला आणखी राग आला. ज्या माणसाच्या घरातल्या बाईचं पोट मी सांभाळून शिवून घेतलं, त्यानं...

"ती म्हातारी कुत्री," मी म्हटलं. "पुलाखाली टाकलेली. पोटावर दोन शिवणी असलेली."

तो गोंधळला नाही. आठवल्यासारखं केलं. "चार नंबर व्हय. सिस्टर, तिला कुटं आमी मारलं? सोडलं फक्त. इतकी वर्सं खायाला घातलंच की. आता ती धरत न्हवती, मग काय करायचं?"

धरत नव्हती. म्हणजे गर्भ राहत नव्हता. असं बायकांच्या बाबतीतही मी ऐकलेलं आहे, पांढऱ्या शर्टातल्या माणसांकडून.

"पोट कुणी फाडलं तिचं?"

"आमचा माणूस हाय की. डाक्टरपेक्षा हात चांगला."

मागच्या बाजूनं भुंकण्याचा आवाज येत होता. एकाचा नाही, बऱ्याच जणींचा. मी त्या बाजूला निघाले तर तो आडवा आला, तरीही हसतच. "तिकडं घाण हाय सिस्टर, साडी खराब हुईल. तुमी बसा की. मागचं तुमचं कुत्रं गेलं ऐकलं. वाईट झालं. तुमाला एक पिलू असंच देतो, माझ्याकडनं. उपकार फेडायला."

तेव्हा मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. वॉर्डात दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना बोलायचे ते सगळं बोलले. मिस्टर माझा दंड धरून उभे होते. आणि त्या भरात मी म्हणाले, "लपून राहील असं वाटलं का तुम्हाला? एका बाईनं फोन करून सगळं सांगितलंय! तुमचं फार्म, पूल, सगळं!"

मालकानं हळूच मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात त्याची सून उभी होती, चहाचे कप घेऊन. तिचा चेहरा पांढरा पडला होता. कपांतला चहा हिंदकळून बशीत सांडत होता.

मला कळलं. उशिरा कळलं. मोटारसायकलवर बसताना मिस्टर म्हणाले, "फोन कुणी केला ते तू त्याला दाखवून दिलंस." एवढंच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दरम्यान कुत्री आमच्या घरी आली. पुण्याच्या पोरीनं फोन करून सांगितलं, अर्ज मंजूर. शिवणकाम करणारी बाई स्वतः रिक्षातून घेऊन आली, सोबत तिची जुनी गोधडी आणि औषधांची यादी. जाताना ती तिच्याशी तेलुगूत काहीतरी बोलली आणि पदरानं डोळे पुसत पायऱ्या उतरली. मी तिला माझ्या वागण्याबद्दल सांगितलं होतं, फार्मवर काय झालं तेही. तिनं मला दोष दिला नाही. नुसती म्हणाली, "आता ती बाई परत फोन करनार न्हाय." तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरात आल्यावर कुत्री चार दिवस जिथे बसवली तिथेच बसून राहिली. वाडगा समोर ठेवला तरी आपण बाजूला झाल्याशिवाय तोंड लावायची नाही. मी मराठीत बोलवायचे, तिला कळायचं नाही. तिला 'रा' कळायचं, तेलुगूतलं 'ये'. मिस्टरांच्या घरची बोली कानडी, ते 'बा' म्हणायचे. ते तिला जवळचं वाटलं असावं. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा करत होते आणि मागच्या अंगणातून, आईला हाक मारावी तसा आवाज आला, "बा, बा अव्वा." डोकावून बघितलं तर मिस्टर स्टोव्हवर अंडी उकडत बसलेले आणि ती त्यांच्यापासून दोन हातांवर, उभी. पहिल्यांदा स्वतःहून उठून गेलेली. मिस्टरांनी अंडं सोलून तळहातावर धरलं. त्या हातांनी जन्मात अंड्याला शिवले नव्हते ते. तिनं ते घेतलं, आणि मिस्टरांनी हात धुवायचं विसरून तिच्या मानेवर, जिथे केस नव्हते तिथे, ठेवला.

मी बघत उभी होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याखाली तो राग तसाच होता, चुलीत निखारा राखेखाली राहतो तसा. एक अंडं वाट्याला यायला हिला सात-आठ वर्षं लागली.

मी तक्रार दिली. पशुसंवर्धनाच्या कार्यालयात जाऊन, पोच घेऊन. कुत्र्यांची पैदास करायला नोंदणी लागते, तपासणी लागते, हे मला तिथल्याच एका कारकुनानं सांगितलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: स्थळपाहणी केली, आक्षेपार्ह काही आढळले नाही. मी फोन केला. साहेब म्हणाले, "मॅडम, सहा कुत्री आहेत, सगळी चांगली आहेत. चहा वगैरे घेतला आम्ही, माणूस सज्जन आहे."

चहा घेतला!

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, गेट वाजलं. बाहेर त्या फार्मवाल्याची सून उभी होती. बोटाला धरलेली चार-पाच वर्षांची पोर. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"पोरीचा डोस हाय म्हणून आले शेरात," ती म्हणाली. "दवाखान्यात तुमचा पत्ता इचारला. लई वेळ न्हाय."

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. सरळ. "चुकलंच तुमचं. मीच केलता फोन. तुमी बोलला आन् माझा फोन काढून घेतला सासऱ्यानं. नवरा दोन म्हयने बोलला न्हाय. मी मायेरी गेले मग, मैंदर्गीला. म्हटलं, फोन द्या, मग येते. दीड म्हयन्यानं आला घ्यायला, फोन घेऊन."

मी मान खाली घालून ऐकलं. ती रडत नव्हती. माझ्यासारखीच रागात होती, पण तिचा राग थंड होता आणि म्हणून कामाचा होता.

"कुटं हाय ती?"

मी हाक मारायच्या आतच कुत्री आतल्या खोलीतून आली. आमच्याकडे आल्यापासून तिला मी कधी धावताना बघितलं नव्हतं. ती धावलीही नाही, पण लगबगीनं आली, कोपरं दुखत असतानाही, आणि तिनं त्या बाईच्या मांडीवर डोकं टेकवलं. शेपूट जमिनीवर आपटत राहिली. त्या पोरीनं तिचा कान हातात धरला, सवयीनं, रोज धरत असल्यासारखा. मला हेवा वाटला, मान्य आहे.

"भाकरी टाकायची मी तिला जाळीतनं," ती म्हणाली. "ही पोटात असताना माझा जीव जाळीपाशीच रमायचा. ती पण भरलेली, मी पण. मला तुमच्या दवाखान्यात आणलं गाडीत घालून. तिला तितंच फाडलं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "लिवून घ्या आता. सहा न्हाईत. एकोनीस हायेत. सायेब यायच्या आदल्या दिवशी बाकीच्या उसाच्या गाडीतनं पावण्याच्या शेतावर नेल्या. परत आनल्या. कंपाउंडर मंगळवारी येतो. औषधाच्या बाटल्या पत्र्याच्या मागं पुरलेल्या हायेत. माझं नाव न्हाय लिवायचं."

मी मिस्टरांचं लिहायचं पॅड घेतलं आणि लिहिलं. एक शब्द माझ्या मनाचा घातला नाही.

ती तक्रार मी एकटीनं नेली नाही. गणवेश शिवणारी बाई आली, पुण्याची ती पोरगी सकाळच्या गाडीनं आली. प्रत्यक्षात ती अगदी लहानखुरी होती, पाठीवर सॅक, आणि तिनं मोठ्या साहेबांसमोर फाईल उघडली तेव्हा मला तिचे पस्तीस प्रश्न का असतात ते कळलं. ती आवाज चढवत नव्हती. एकामागून एक विचारत होती आणि साहेबांना प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागत होतं. या वेळी मंगळवारी, न सांगता, पाहणी झाली. कंपाउंडर जागेवर सापडला.

काय झालं पुढे? तर मोठं असं काही झालं नाही. मालकाला नोटीस मिळाली. त्यानं तीन म्हाताऱ्या माद्या संस्थेच्या नावे लिहून दिल्या, 'प्रेमापोटी' असा शब्द त्या कागदावर आहे, मी वाचलाय. कंपाउंडरवर गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर लगेच बाहेर आला आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावात काम करतो म्हणे. बाकीच्या सोळा तिथेच आहेत. नोंदणीसाठी मालकानं अर्ज केलाय, आणि अर्ज केल्यामुळे तो आता कायदेशीर माणूस आहे, असं मला ऐकवण्यात आलं. बोर्ड नव्यानं रंगवलाय.

त्या तिघींपैकी एक कोल्हापूरला गेली. एक गणवेशांच्या ढिगाशेजारी आहे. तिसरीला ठेवायला कुणी नव्हतं, तिला हृदयाचा त्रास आहे, कुणी कायमची घेईल असं दिसत नाही. पुण्याच्या पोरीनं मला फोन केला आणि मी हो म्हणायच्या आधी मिस्टरांकडे बघितलं. ते मान वर न करता म्हणाले, "कधी येतीय?"

तीन आठवडे झाले. ती अजून खाटेखालून बाहेर येत नाही. पहिली जाऊन तिच्याजवळ पडते आणि दोघी भिंतीकडे तोंड करून झोपतात.

लोक मला म्हणतात, आता झालं ना, दोघी सुटल्या, शांत व्हा. दवाखान्यातली माझी एक जुनी मैत्रीण परवाच म्हणाली की या वयात इतका संताप बरा नाही, बीपी वाढेल. तिच्याच नातवाला वाढदिवसाला पिलू हवं होतं. कुठून घेऊ, म्हणून तिनं मलाच विचारलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, तासभर. तिनं ऐकलं, हळहळली, आणि पुढच्या आठवड्यात पिलाचा फोटो पाठवला, गळ्यात लाल रिबीन बांधलेली. त्या फार्मवरनं नाही घेतलं, दुसरीकडनं घेतलं, असं खाली लिहिलं होतं.

काल सकाळी फार्मवाल्याच्या सुनेचा फोन आला. शेडच्या मागे नवी भिंत बांधतायत, आठ फुटांची, रस्त्यावरून काही दिसू नये म्हणून. दोन माद्या आणल्यात, वर्षाच्या पण नाहीत. एवढं सांगून तिनं ठेवला.

मिस्टर पॅड घेऊन टेबलाशी बसले. त्यांचं अक्षर चांगलं आहे, वर्कशॉपची रजिस्टरं लिहायचे ते. प्रति, मा. उपायुक्त, असं वर लिहून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सांगायला लागले. दोन ओळींनंतर त्यांनी पेन कागदावरून उचललं.

"जरा हळू सांग," ते म्हणाले. "माझं लिहिणं मागे पडतंय."

मला हळू सांगता येत नव्हतं. मी तशीच सांगत राहिले, उभ्यानं, आणि ते जमेल तसं लिहीत गेले.